भरपाई एकतीस

वारू गाडी दुकानात मिळत नाही. काचेमागे दिव्यांच्या झगमगाटात उभी केलेली वारू कुणी पाहिली असेल तर त्यानं मला दाखवावी, मी मिशी उतरवून देईन. घरंदाज घोडा ओळखीतून येतो, बाजारातून नाही, असं कंपनीचं म्हणणं. त्यामुळे ज्याला गाडी हवी त्यानं कळवायचं, आणि कंपनीनं आपला एक माणूस गाडी घेऊन त्याच्या दारात पाठवायचा.

हा माणूस दोन दिवस त्या घरात जातो-येतो. चहा पितो, आग्रह झालाच तर जेवतो, मालकाचा कुठला गुडघा दुखतो, मालकीणबाई पुढे बसतात की मागे, हे सगळं टिपून घेतो आणि तशी गाडी घडवून आणून देतो. विकणारा तोच, पुढे दर सहा महिन्यांनी घरी येऊन सर्व्हिसिंग करणाराही तोच, गाडी मोडीत निघेपर्यंत तोच. पुण्याच्या ऑफिसात कुणाला तरी या माणसाला 'सोयरा' म्हणायचं सुचलं. ना मुलीकडचा, ना मुलाकडचा, तरी मी कोल्हापुरातल्या तेवीस घरांचा सोयरा होतो. त्याआधी अठरा वर्षं शिरोली नाक्यावरच्या गॅरेजात ग्रीसमध्ये हात घातलेला मी, निवास लोहार, एकदम पांढऱ्या शर्टात आलो. 'हाय'चं 'आहे' करायला कंपनीनं मला तीन आठवडे पुण्यात ठेवलं होतं. ते बहुतेक जमलं, फक्त घाबरलो की सुटायचं.

सोयऱ्याला नियम दोनच. वारूचं बॉनेट मालकाला उघडता येत नाही, ते सोयऱ्यानंच उघडायचं, हा पहिला. आत जे दिसेल ते मालकाला सांगायचं नाही, हा दुसरा. बिघाड झालाच तर तो मालकाला कळायच्या आत नाहीसा झाला पाहिजे. पैसेवाला माणूस गाडी विकत घेत नाही, निर्धास्तपणा विकत घेतो, असं आम्हाला शिकवलेलं. त्यावर मी सहीही केली होती.

आता थोडं यंत्राबद्दल सांगतो. स्वतः चालणाऱ्या गाड्या आता रिक्षा स्टँडवरही आल्यात, म्हणूनच की काय, श्रीमंतांना स्वतःच्या हातानं गाडी चालवायची हौस. वारू त्या हौसेसाठीच केलेली. तिच्या स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा जात नाही. मधे नुसत्या तारा आणि एक छोटा संगणक. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की तो संगणक ते वाचतो आणि चाकांना हुकूम सोडतो. स्टिअरिंगच्या कातड्याखाली चारशे बारीक सेन्सर असतात. कुणाचाच हात अगदी स्थिर नसतो. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. त्या थरथरीवरून, वळण घेताना हात किती लवकर हलतो यावरून, वारू पहिल्या हजार किलोमीटरमध्ये मालकाचा हात ओळखून घेते आणि तो जपून ठेवते.

खरी गंमत यापुढे आहे. वय वाढतं, खांदा आखडतो, हात उशिरा हलतो. गाडी आजच्या हाताची त्या जपलेल्या हाताशी तुलना करते आणि जो फरक पडेल तो गुपचूप भरून काढते. मालक म्हणतो, काय गाडी आहे, अजून पहिल्या दिवसासारखी चालते! खरं तर पहिल्या दिवसासारखा तो स्वतः राहिलेला नसतो. या भरून काढण्याला आम्ही भरपाई म्हणायचो. शंभरातलं किती काम गाडी परस्पर करते, तो आकडा. साधारण माणसाची भरपाई तीन-चार. साखर कारखान्याचे एक माजी संचालक माझ्याकडे होते, एकाहत्तर वर्षांचे, त्यांची नऊ. हा आकडा फक्त सोयऱ्याच्या टॅबवर दिसायचा आणि पुण्याला दिसायचा.

माझ्या तेवीस मालकांत मला सगळ्यात जवळचे डॉक्टर विश्राम हेर्लेकर. ताराबाई पार्कात बंगला, वय छप्पन्न, कानाचे सर्जन. मुंबईहून माणसं कोल्हापूरला येऊन त्यांच्याकडून कान करून घ्यायची. एवढा मोठा माणूस, पण मी गाडीखाली असलो की स्वतः चहाचा कप घेऊन गॅरेजात यायचे आणि उकिडवे बसून गप्पा मारायचे.

ऑक्टोबरात मी असाच त्यांच्याकडे होतो. घरून फोन आला आणि मी ओरडून बोललो.

"निवास, भांडण झालंय का घरात?" डॉक्टर म्हणाले.

"नाही साहेब. बायकोला कमी ऐकू येतं."

"आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस? शहाणाच आहेस. शनिवारी घेऊन ये."

माझी बायको वैजयंता जिल्हा कोर्टात आहे. साक्षी आता यंत्रच उतरवून घेतं, पण भुदरगडचा म्हातारा साक्षीदार चिडून बोलायला लागला की यंत्र काहीच्या बाही लिहितं. ते ऐकून दुरुस्त करायचं काम वैजयंताचं. तिच्या सहीशिवाय साक्षीचा कागद पुढे जात नाही. दोन वर्षांपासून तिचे दोन्ही कान बसत चालले होते. जानेवारीत कोर्टात सगळ्यांची श्रवणचाचणी होती आणि त्यात ती नापास झाली असती तर तिला रेकॉर्डरूमच्या धुळीत जावं लागलं असतं. त्या भीतीनं ती वाळली होती.

डॉक्टरांनी तपासलं. कानात रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते जागेवर घट्ट धरलंय, हलत नाही, म्हणून आवाज आत पोचत नाही, असं त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. ते काढून तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात एक बारीक पिस्टन बसवायचा. "भोक आता रोबो पाडतो," ते म्हणाले, "पण पिस्टन अजून हातानंच बसवावा लागतो. एका केसाचं अंतर चुकलं तर तो कान कायमचा गेला, वर जन्माची भोवळ. म्हणून तर लोक माझ्याकडे येतात." फीचं विचारलं तर म्हणाले, "सोयऱ्याकडून फी घेतात का?" उजव्या कानाची तारीख ठरली, डिसेंबरातला दुसरा गुरुवार.

ऑपरेशनच्याच आठवड्यात, मंगळवारी, त्यांच्या गाडीचं सहामाही सर्व्हिसिंग होतं. डॉक्टर हॉस्पिटलला गेलेले. मी बॉनेट उघडलं, तार जोडली, टॅबवर नोंदी आल्या. भरपाई एकतीस.

मी तार काढून पुन्हा जोडली. एकतीस.

जूनमध्ये बारा होती. तेव्हाच मी जरा थबकलो होतो, कारण त्याआधीच्या डिसेंबरात चार होती. छप्पन्न वर्षांच्या माणसाला बारा म्हणजे जास्तच. पण नियम नियम. मी बॉनेट लावलं, मालकीणबाईंनी दिलेलं आम्रखंड खाल्लं आणि घरी आलो. तो बारा मी विसरलोही नव्हतो आणि आठवायलाही तयार नव्हतो.

गॅरेजातली जुनी रीत आहे. बिघाड कशात आहे कळत नसेल तर पार्ट बदलून बघायचा. मी पार्ट बदलला, म्हणजे माणूस बदलला. स्वतः गाडी घेऊन कसबा बावड्यापर्यंत जाऊन आलो. सोयऱ्याचाही हात गाडीत जपलेला असतो; माझी भरपाई चार. डॉक्टरांच्या नोंदी परत पाहिल्या, एकतीस. खाली थरथरीचा आलेख होता. सेकंदाला पाच, म्हणजे धडधाकट हाताहून सावकाश पण कितीतरी मोठी, उजवा हात, आणि तीही हात नुसता स्टिअरिंगवर टेकलेला असताना. गाडी ठणठणीत होती.

मी पुण्याला देवस्थळी मॅडमना फोन लावला. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख.

"आकडा आमच्याकडेही दिसतोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "वरची मर्यादा पस्तीसची आहे, ती आपण पन्नास करतोय. उद्या दुपारी बारा वाजता नवा प्रोग्रॅम चढेल. त्यानंतर भरपाई तुमच्या टॅबवरून कमी-जास्त करता येणार नाही, म्हणजे तुम्हालाही काळजी नको."

"मॅडम, ते सर्जन आहेत."

"मग?"

"गाडीला भरपाई आहे. ऑपरेशनला कोण भरपाई देणार?"

त्या म्हणाल्या, "लोहार, खांदा दुखत असेल त्यांचा. आपण डॉक्टर नाही. उद्या हेच तुम्ही एखाद्या मालकाला बोललात आणि ते चूक निघालं, तर? आणि बरोबर निघालं, तरी पुढची गाडी कोण घेईल? तुझा हात गेला असं तोंडावर सांगणारी गाडी कुणाला हवी असते? तुम्ही काही पाहिलेलं नाही. समजलं ना?"

त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मी मेकॅनिक. थरथरीला काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या बायकोचा कान गुरुवारी त्या हाताखाली जाणार होता, एवढं माहीत होतं.

संध्याकाळी घरी गेलो तर वैजयंता खुशीत. बुधवारी सकाळी रक्त तपासायला बोलावलं होतं, त्याची पिशवी तिनं भरूनही ठेवलेली.

"तोंड का असं करून बसलायसा?" तिनं विचारलं. तिचा आवाज हळू झाला होता. या आजारात स्वतःचा आवाज आत घुमतो, त्यामुळे माणूस हळू बोलायला लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ऑपरेशन जरा पुढं ढकलूया."

"काय?"

"पुढं ढकलूया म्हंतोय!"

खिडकीतून शेजारच्या कुंभार मास्तरांचा आवाज आला, "काय ढकलायचंय? गाडी का? आलो, आलो."

मास्तरांना कसंबसं परत पाठवलं. बहिऱ्या बायकोशी गुपित बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी पाठकोरा कागद घेतला आणि लिहिलं. डॉक्टरांचा उजवा हात बिघडलाय. गाडी झाकून घेते. त्यांना ठाऊक नाही. सांगितलं तर माझी नोकरी जाईल, वर केस होईल. आपण मुंबईला दुसरा डॉक्टर बघू. लिहिताना माझ्या लक्षात आलं, की सही करून दिलेलं वचन मी सही न करता मोडतोय. जूनचा बारा मात्र मी लिहिला नाही.

तिनं तो कागद कोर्टातला कागद वाचावा तसा दोनदा वाचला. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "मला दुसरा डॉक्टर घावंल. उद्या त्यांच्या टेबलावर कोण हाय?"

मी खांदे उडवले.

"कोण तरी बाई असंलच की. तिच्या नवऱ्याला गाडी दुरुस्त कराया येत न्हाय, म्हणून तिचा कान जाऊ द्यायचा व्हय? तुमी सांगा त्यास्नी."

"नोकरी जाईल!" मी ओरडलो.

"ऐकलं," ती म्हणाली आणि भात बघायला आत गेली. मला तिचा राग आला, आणि तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

सर्व्हिसिंग झालं की दुसऱ्या दिवशी सोबतफेरी असते. मालकानं गाडी चालवायची, सोयऱ्यानं शेजारी बसायचं, आणि सगळं झकास आहे असं मालकाच्या तोंडून ऐकून परत यायचं. बुधवारी सात वाजता डॉक्टर तयारच होते. "दहाला पहिली केस आहे," ते म्हणाले, "पन्हाळ्याच्या रस्त्याला जरा लांबवर जाऊन येऊ."

तोंडी सांगायचं मी रात्रभर घोकलं होतं. शिवाजी पूल ओलांडला तरी तोंड उघडेना. कसं सांगणार? ज्याच्या हातावर अर्धा जिल्हा फिदा, त्याला पाना धरणाऱ्या माणसानं सांगायचं, की साहेब तुमचा हात गेला? मग मी एक गोष्ट केली. तिची मला आजही लाज वाटते. मी टॅब मांडीवर घेतला आणि भरपाई कमी करायला लागलो.

एकतीसवरून वीस. डॉक्टर काही तरी गुणगुणत होते, ते थांबले.

वीसवरून दहा.

"निवास, गाडी डावीकडे ओढतीय का?"

"नाही साहेब."

"ओढतीय रे. चाकाची हवा बघितलीस का?"

केर्ली मागे पडलं. रस्ता सरळ, रिकामा. मी शून्य दाबलं.

वारू एकदम परकी झाली. डॉक्टरांचा उजवा हात स्टिअरिंगवर थरथरत होता आणि आता ती थरथर चाकांत उतरत होती. गाडीचं नाक डावीकडे-उजवीकडे हलायला लागलं. ते सावरायला गेले, पण हात उशिरा वळला आणि वळला तो जास्तच वळला. आम्ही मधली पांढरी रेघ ओलांडली. आणि समोरून, गळीत हंगामाचे दिवस, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला.

"निवास!"

मी एकतीसवर बोट ठेवलं. टॅबनं विचारलं, बदल करायचा, खात्री आहे? त्या प्रश्नाएवढा लांब प्रश्न मी आयुष्यात वाचलेला नाही. 'हो' दाबलं. गाडी एका झटक्यात आपल्या बाजूला आली, ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी आरशाला खरवडत गेली आणि ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला आईबहिणीवरून जे काही सुनवलं ते रास्त होतं.

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग लाल झाला.

"काय करून ठेवलंस तू हिचं? काल हात लावलास आणि आज ही अशी? मेलो असतो आपण! पुण्याला फोन लाव. मला आजच्या आज दुसरी गाडी पाहिजे."

"साहेब, गाडी बरी हाय."

"बरी? आंधळा आहेस का?"

"गाडी बरी हाय, साहेब. मी दाखवतो. मला एकदा पार्ट बदलून बघू द्या."

डाव्या हाताला एका शाळेचं मोठं मैदान होतं. क्रीडामहोत्सवासाठी फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या, पोरं अजून आलेली नव्हती. हे मला आधीच सुचायला हवं होतं. रस्त्यावर जीव टांगणीला लावायची काही गरज नव्हती. गाडी मैदानात घेतली. डॉक्टरांना डावीकडे बसवलं आणि टॅब त्यांच्या हातात दिला.

"यातली भरपाई शून्य करा."

"भरपाई म्हणजे काय?"

मी सांगितलं. जे सांगायचं नाही अशी सही केली होती ते सगळं सांगितलं, फक्त आकडा सोडून. आकड्यावर बोट धरून मी त्यांना बटण दाखवलं, त्यांनी शून्य केलं. मी चाळीसच्या वेगानं डावं चाक फक्कीच्या रेषेवर धरून मैदानाच्या टोकाला गेलो. मग जागा बदलली. "शेजारची रेषा धरा," म्हटलं. गाडीत दोष आहे हे सिद्ध करायला ते इतके उतावीळ झाले होते, की लगेच बसले आणि परत फिरले.

खाली उतरून आम्ही दोघांनी रेषा बघितल्या. माझ्या रेषेवर टायरची नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उठली होती. त्यांच्या रेषेवर नक्षी आत-बाहेर, आत-बाहेर जात होती, आणि शेवटी तर रेषा सोडून पार हातभर बाहेर गेली होती.

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग उजवा हात त्यांनी मांडीवर नुसता ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. करंगळीशेजारचं बोट हलत होतं. नीट बघितलं तरच दिसेल एवढंच.

"काम करताना हे दडतं," ते हळू म्हणाले. "हात विसावला की डोकं वर काढतं. म्हणून दुर्बिणीखाली मला कधी दिसलं नाही. नाव माहीत आहे मला याचं. तपासणी होईपर्यंत घेणार नाही." थोड्या वेळानं ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय, तर मी शिंप्यावर चिडलो. म्हटलं नवा शिंपी काजं बारीक करतो. ऑगस्टापासून माझे तीन पेशंट भोवळ घेऊन परत आले, निवास. सोळा वर्षांत एक नव्हता आला. मी काय केलं माहीत आहे? पिस्टनची कंपनी बदलली."

मीही आधी तारच काढून पुन्हा जोडली होती.

"आकडा किती होता?"

"एकतीस."

"आणि मागच्या वेळी? जूनमध्ये?"

खोटं बोलता आलं असतं. टॅब त्यांच्या हातात होता, पण जुन्या नोंदी कशा उघडायच्या हे त्यांना माहीत नव्हतं.

"बारा," मी म्हणालो. "त्याआधी चार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"जूनमध्ये सांगितलं असतंस तर ते तिघं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आणि वैजयंताचा कान नसता, तर आज तरी सांगितलं असतंस का?"

मैदानात पोरं यायला लागली होती. फक्कीच्या रेषा कुणी बिघडवल्या म्हणून त्यांचे मास्तर लांबून हातवारे करत होते. डॉक्टर डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"तू चालव. हॉस्पिटलला घे."

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर लांब कॉरिडॉर आहे, तिथे बाकं मांडलेली. त्या दिवशीचे तीन पेशंट आणि त्यांची माणसं बसली होती. पहिली बाई हिरवा गाऊन घालून तयार होती, तिची सासू तिच्या केसांना टोपी घालून देत होती. दुसऱ्या बाकावर रक्त देऊन आलेली वैजयंता, दंडावर कापूस दाबून. आम्हाला बघून ती उठली. आमच्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं असावं, पण कोर्टातली सवय, अंदाजावर ती काही लिहीत नाही.

"काय झालं?" तिनं मला विचारलं.

हळू बोललो तर तिला ऐकू येणार नाही, मोठ्यानं बोललो तर कॉरिडॉर ऐकणार. डॉक्टरांचं होतं ते, मी कसं बोलणार? मी त्यांच्याकडे बघितलं. ते 'केबिनमध्ये या' म्हणतील, असं मला वाटलं. कुणीही तेच केलं असतं.

डॉक्टर तिच्यापुढे जाऊन वाकले.

"वहिनी, उद्याचं तुमचं ऑपरेशन मी करणार नाही."

"काय?"

त्यांनी श्वास घेतला आणि आवाज चढवला. "माझा हात थरथरतो! मी आता कुणाचंच ऑपरेशन करणार नाही!"

गाऊनमधली बाई उभी राहिली. टोपी सासूच्याच हातात राहिली. एक नर्स पळत आली आणि डॉक्टरांना बघून जागीच थांबली. भिंतीच्या कडेनं एक धोतरवाले गृहस्थ उठले, भिंतीला हात धरूनच उठले.

"डाक्टर," ते म्हणाले, "माझा कान ऑगस्टात केलासा की वो. तवापास्नं भोवंडतंय. तुमी म्हणालासा, व्हईल कमी."

"हो, पाटील." डॉक्टर त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता, जणू आता खाली आणता येत नव्हता. "तुमच्या वेळीही हात बिघडलेलाच होता. चूक माझी. जूनपासून हे चालू आहे, गाडीच्या नोंदी तसं सांगतात. मला आज सकाळी कळलं."

पाटलांनी दुसराही हात भिंतीला लावला.

वैजयंता डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होती. तिनं ते सगळं ऐकलं होतं. मग ती सावकाश माझ्याकडे वळली. साक्षीदाराचं एखादं वाक्य दुसऱ्याशी जुळलं नाही की ती पानावरून अशीच मान वर करते. मी काल लिहून दिलेला कागद तिला तोंडपाठ असणार.

"आणि तुमास्नी?" तिनं विचारलं. तिच्या नेहमीच्या, हळू आवाजात. माझ्याशिवाय कुणालाच ते ऐकू गेलं नसेल. "तुमास्नी कधीपास्नं ठाऊक होतं?"

"जूनपास्नं," मी पुटपुटलो.

"ऐकू न्हाय आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

पाटील भिंतीला धरून माझ्याकडे बघत होते. गाऊनमधली बाई बघत होती. डॉक्टर बघत नव्हते, त्यांनी मान खाली घातली होती.

मी मोठ्यानं सांगितलं.